किलोभर कोळशाचा हिशेब

बीड शहरातून पहिली प्रवासी रेल्वेगाडी १७ सप्टेंबर २०२५ रोजी, मराठवाडा मुक्तिसंग्राम दिनी, अहिल्यानगरकडे निघाली. आष्टीला ती तीन वर्षं आधी, २०२२ मध्ये पोचली होती. अहिल्यानगर-बीड-परळी या २६१ किलोमीटरच्या मार्गाचा परळीकडचा टप्पा तेव्हा व्हायचाच होता. गाडी डिझेलची होती. जिल्ह्याच्या मुख्य गावाने रेल्वेची वाट पाहण्यात जेवढा काळ घालवला, तेवढ्यात वाफेच्या इंजिनाचं सबंध युग येऊन गेलं. परळीला रेल्वे निजामाच्या राजवटीतच आली होती, पण बीडकरांच्या दारावरून कोळशाचं इंजिन कधी धडधडत गेलं नाही. असं असूनही वाफेशी या जिल्ह्याचा संबंध राज्यातल्या अनेक जिल्ह्यांपेक्षा घट्ट आहे. परळीच्या औष्णिक केंद्रात आज प्रत्येकी २५० मेगावॅटचे तीन संच आहेत. तेलगाव, अंबाजोगाई, परळी या भागांतले साखर कारखाने हंगामात उसाच्याच चिपाडावर बॉयलर पेटवतात. गावोगावची गुऱ्हाळं तर त्याहून जुनी. वाफ बीड शहराच्या रुळांवर धावली नाही एवढंच. तिचा खर्च मात्र रोज चालू आहे. म्हणून वाफेच्या छोट्या इंजिनांनी किती कोळशात किती काम केलं, याची स्पर्धा लावणाऱ्या लोकांबद्दलची ही पुस्तिका बीड जिल्ह्यातल्या वाचकासमोर ठेवण्यात मला काही विसंगती दिसत नाही. उलट, ती वाचण्याची खरी जागा हीच आहे, असं या प्रस्तावनेत मांडायचं आहे.

स्पर्धा अशी असते. ब्रिटनमधल्या हौशी यंत्रकारांनी १९६९ पासून ती जवळजवळ दरवर्षी भरवली. साडेतीन किंवा पाच इंची रुळांवर, म्हणजे ८९ किंवा १२७ मिलिमीटर रुंदीच्या मार्गावर, खऱ्या कोळशाने आणि खऱ्या वाफेने चालणारं इंजिन आणायचं. इंजिनामागे एक मोजणी-डबा जोडतात. इंजिनाची खेच आणि कापलेलं अंतर यांचा गुणाकार तो सतत बेरजेत धरत जातो. त्यामागे माणसं बसवलेल्या बैठ्या ढकलगाड्या. किती माणसं ओढायची ते ज्याचं त्याने ठरवायचं. कोळसा संयोजक देतात, सगळ्यांना एकाच जातीचा आणि तोलून. साधारण अर्ध्या तासाची धाव संपली की उरलेला कोळसा पुन्हा काट्यावर चढतो. जळालेल्या कोळशात उष्णता किती होती आणि खेचीतून काम किती मिळालं, यांचं गुणोत्तर म्हणजे निकाल. वेगाला स्वतंत्र गुण नाहीत, इंजिनाच्या रंगरूपालाही नाहीत. हुबेहूब नक्कल केलेल्या, पितळेने लखलखणाऱ्या इंजिनाला एखादं ओबडधोबड इंजिन सहज मागे टाकतं, आणि या स्पर्धेची मला सर्वांत आवडलेली बाजू हीच आहे. पुण्यातल्या जोशी यांच्या छोट्या रेल्वेच्या संग्रहालयात १९९८ पासून लोक रांग लावून जातात, ते रेल्वेचं सबंध जग एका नजरेत पाहायला. इथे पाहायचं असतं ते मोजपट्टीकडे.

निकालाचा आकडा पहिल्यांदा वाचणाऱ्याची निराशा होते. बहुतेक इंजिनं एक-दोन टक्क्यांत आटोपतात; अडीच-तीनकडे जाणारं इंजिन म्हणजे नाव काढण्यासारखं काम. शंभर भाग उष्णतेतले अठ्ठ्याण्णव धुराड्यातून, बॉयलरच्या अंगातून, वाफेतून निघून जातात. पण दोन टक्क्यांत काय बसतं, ते एकदा मांडून पाहावं. चांगल्या कोळशात किलोमागे साधारण ७,५०० किलोकॅलरी धरल्या, तर ती ३ कोटी १४ लाख ज्यूल उष्णता झाली. तिचे दोन टक्के म्हणजे सव्वासहा लाख ज्यूल. सपाट मार्गावर छोट्या गाड्यांना वजनाच्या सुमारे एक टक्का खेच लागते असं धरलं, तर दीड टन ओझ्याला पंधरा किलोची खेच पुरते. आणि सव्वासहा लाख ज्यूलमध्ये ही खेच चार किलोमीटरांहून थोडी जास्त चालते. म्हणजे किलोभर कोळशात पंधराएक माणसं चार किलोमीटर गेली. एका टक्क्याचं इंजिन असेल तर ती दोनच किलोमीटर जातील. लहान आकड्यांच्या मुलखात एक टक्का म्हणजे दुप्पट किंवा निम्मं, हे टक्केवारीकडे वरवर पाहताना निसटतं.

स्पर्धेतून यंत्र सुधारतं, हा दावा नुसत्या उत्साहावर उभा नाही. ऑक्टोबर १८२९ मध्ये लिव्हरपूल-मँचेस्टर रेल्वेच्या संचालकांनी रेनहिलला चाचण्या घेतल्या, तेव्हा ५०० पौंडांच्या बक्षिसाच्या अटी नुसत्या वेगाच्या नव्हत्या. इंजिनाच्या वजनाला मर्यादा होती, स्वतःच्या तिप्पट वजन ओढायचं होतं, आपला धूर आपणच जाळायचा होता, आणि कोक किती लागला हेही मोजलं जात होतं. 'सां पारेल' हे इंजिन ताकदीचं होतं, पण त्याच्या धुराड्यातल्या वाफेचा झोत इतका जोरकस की न जळालेला कोक वर उधळला जाई. स्टीफन्सन यांच्या 'रॉकेट'चा बॉयलर आपल्याकडच्या न्हाणीघरातल्या तांब्याच्या बंबापेक्षा वेगळा कसा, एवढं लक्षात घेतलं तरी विजयाचं कारण कळतं: बंबात पाण्यामधून एकच नळी जाते, 'रॉकेट'मध्ये तांब्याच्या पंचवीस नळ्या होत्या. त्याच आगीला पाण्याशी भिडायला कितीतरी जास्त पृष्ठभाग मिळाला. पण माझ्या मते रेनहिलपेक्षा मोठा दाखला कॉर्नवॉलच्या खाणींचा आहे, आणि तो फारसा कुणी सांगत नाही. वॅटचं पेटंट १८०० मध्ये संपल्यावर तिथली पाणी उपसणारी इंजिनं ज्याच्या त्याच्या मनाप्रमाणे चालू लागली आणि कोळशाचा हिशेब ढिला पडला. १८११ पासून जोएल लीन यांनी दरमहा एक पत्रक छापायला सुरुवात केली. कोणत्या खाणीच्या कोणत्या इंजिनाने एका बुशेल (तेव्हाचं माप) कोळशात किती पौंड पाणी एक फूट उचललं, नावानिशी. सुरुवातीला हा आकडा सरासरी दोन कोटींच्या आत होता. पंचवीस-तीस वर्षांत तो दुपटीच्या बराच पुढे गेला. ट्रेव्हिथिक, वुल्फ यांच्यासारखे कसबी यंत्रकार तिथे होते, हे खरं. पण कसब त्याआधीही होतं. नवीन होतं ते पत्रक. शेजारच्या खाणीचं इंजिन आपल्यापेक्षा कमी कोळसा खातं, हे मालकाला दर महिन्याला छापील दिसू लागलं, आणि आपलं इंजिन खाली का, याचं उत्तर यंत्रकाराला द्यावं लागलं. गंमत अशी की बुशेलला दोन कोटी म्हणजे आजच्या हिशेबाने जेमतेम दोन टक्के. १८११ मधली घराएवढी इंजिनं आणि आजची ही छोटी इंजिनं काट्यावर जवळजवळ एकाच ठिकाणी उभी राहतात.

इथे जाणकार आक्षेप घेईल तो मापाचा. इंजिन बारा पटींनी लहान केलं की सिलिंडरचं आकारमान १,७२८ पटींनी कमी होतं, पृष्ठभाग मात्र १४४ पटींनीच. म्हणजे आतल्या वाफेच्या प्रत्येक थेंबामागे थंड भिंत बारा पटींनी जास्त. वाफ काम करण्याआधीच भिंतीवर पाणी होऊन बसते. मोठ्या इंजिनातली दोन इंची नळी प्रमाणात लहान केली तर ती चार मिलिमीटरची होईल आणि काजळीने लगेच तुंबेल. मग छोट्या इंजिनाचा आकडा मोठ्याला काय शिकवणार? आक्षेपातला पहिला भाग पूर्ण बरोबर आहे, आणि त्यातूनच या छंदातला सर्वांत जुना वाद पेटला. १९२० च्या दशकात कर्ली लॉरेन्स नावाच्या हट्टी लेखक-कारागिराने प्रतिष्ठित कारखानदारांच्या छोट्या बॉयलरांना आव्हान दिलं आणि अडीच इंची रुळावरचं आपलं 'आयेशा' हे कोळशावरचं इंजिन माणसाला ओढून दाखवत पुढे आणलं. त्याचं म्हणणं थोडक्यात इतकंच की रूप प्रमाणात लहान करता येतं, आग आणि पाणी करता येत नाही. म्हणून चांगला बनवणारा नळ्या कमी आणि जाड ठेवतो, जाळी मोठी ठेवतो, वाफ सिलिंडरकडे जाण्याआधी आणखी तापवतो. आकडा मोठ्या यंत्राला उचलून लावायचा नसतोच. लागू पडते ती विचार करण्याची रीत: तोटा कुठे होतो ते शोधा, आणि या मापाला कोणता तोटा टाळता येतो, कोणता नाही, हे वेगळं करा. सात बारच्या आसपास दाबाची साधी वाफ १७० अंशांची असते आणि ती १०० अंशांना हवेत सोडून दिली जाते. त्यामुळे ती जास्त तापवली नाही, तर कितीही कौशल्य लावलं तरी सोळा टक्क्यांच्या वर जाण्याची निसर्गाचीच परवानगी नाही. परळीतली वाफ ५४० अंशांच्या जवळ असते आणि शेवटी ती थंड करून जवळपास निर्वातात सोडतात. तिची कमाल मर्यादा साठ टक्क्यांच्या घरात जाते आणि प्रत्यक्ष कामगिरी पस्तीसच्या आसपास राहते. सोळापैकी दोन मिळवणं आणि साठपैकी पस्तीस मिळवणं यांतलं अंतर कुठून आलं, हा प्रश्न अभियांत्रिकीच्या वर्गात फळ्यावर लिहिलेल्या सूत्रापेक्षा जास्त शिकवून जातो.

दुसरा आक्षेप जास्त अवघड आहे. निकालात इंजिन किती आणि चालवणारा किती, हे वेगळं काढता येत नाही. एकाच इंजिनाला सराईत हात आणि नवखा हात वेगवेगळे आकडे देतात. आग पातळ ठेवून थोडा-थोडा कोळसा टाकणारा जिंकतो. एकदम फावडंभर टाकणारा धूर करतो. वाफेची मुख्य झडप पूर्ण उघडून सिलिंडरमध्ये वाफ थोडीच सोडायची आणि तिला फुगू द्यायचं, हे तंत्र ज्याला जमतं त्याचा कोळसा वाचतो. शिवाय नशीब आहेच: पुढची गाडी अडली आणि चढावर थांबावं लागलं की दोन दशांश टक्के हवेत. शुद्ध प्रयोग म्हणून पाहिलं तर ही स्पर्धा सदोष आहे, हे मान्य करायलाच हवं. पण प्रत्यक्षातलं कोणतं यंत्र माणसावाचून चालतं? कारखान्याच्या बॉयलरवर कायद्याने प्रमाणपत्रधारक बॉयलर अटेंडंट नेमावा लागतो. ओलं बगॅस, म्हणजे उसाचं चिपाड, आल्यावर हवा किती सोडायची, हा त्याचा निर्णय कुठल्याही आराखड्यात नसतो. गुऱ्हाळावर काहिलीखाली चिपाड सारणारा हुशार असेल तर घाण्याचं चिपाड पुरून उरतं, नसेल तर बाहेरून जळण आणावं लागतं. माणूस आणि यंत्र मिळून किती जळण लागलं, हाच व्यवहारातला प्रश्न आहे, आणि स्पर्धा तोच विचारते.

तिसरा आक्षेप इथल्या मातीतला आहे आणि तो मी सर्वांत गंभीर मानतो. बीड हा ऊसतोड मजुरांचा जिल्हा. नवरा-बायकोच्या जोडीला इथे 'कोयता' म्हणून मोजतात, उचल दिली जाते आणि मोबदला टनावर ठरतो. अशा ठिकाणी 'कार्यक्षमता' हा शब्द कानाला गोड लागत नाही; तो बहुधा माणसाकडून जास्त काम काढण्यासाठी वापरला गेला आहे. पण या स्पर्धेच्या भागाकारात खाली काय आहे ते पाहावं. खाली कोळसा आहे. माणसाचे तास नाहीत, मजुरी नाही. जळणाचा हिशेब आणि माणसाचा हिशेब एकाच शब्दाखाली घुसडले जातात, तेव्हा हे दोन वेगळे करण्याची सवय उपयोगीच पडेल. साखरधंद्यात जळणाच्या हिशेबाची परंपरा आहे. मांजरीची वसंतदादा शुगर इन्स्टिट्यूट दरवर्षी विभागवार तांत्रिक कार्यक्षमतेचे पुरस्कार देते. टनभर उसामागे वाफ किती लागली, हे त्या क्षेत्रातलं नेहमीचं माप. जुन्या धाटणीच्या कारखान्यात ऊसवजनाच्या पन्नास टक्क्यांवर वाफ लागे, आता चाळीसच्या खालीही आणता येते. वाचलेली वाफ म्हणजे उरलेलं बगॅस, आणि उरलेलं बगॅस म्हणजे विकता येणारी वीज. केंद्र सरकारची 'परफॉर्म, अचीव्ह अँड ट्रेड' योजना २०१२ पासून औष्णिक केंद्रांना आणि मोठ्या उद्योगांना ऊर्जा वाचवण्याची उद्दिष्टं देते, आणि जास्त वाचवणाऱ्याला विकण्याजोगी प्रमाणपत्रंही. म्हणजे स्पर्धा आधीच चालू आहे. फक्त ती हंगामभराच्या तक्त्यांत चालते आणि ज्यांच्या शेजारी धुराडं आहे त्यांना दिसत नाही. अर्ध्या तासात, सगळ्यांसमोर, एकाच काट्यावर पूर्ण होणारा हिशेब ही छोट्या इंजिनाची खरी कमाई.

राहिला सर्वांत सोपा आक्षेप: वाफ जुनी झाली, आता सौर पंप बसवायचे दिवस आहेत. बसवावेत. पण तोवर परळीची वाफ पाणी पिते. २०१३ मध्ये आणि पुन्हा २०१५ मध्ये पाणीच नसल्यामुळे तिथले संच बंद ठेवावे लागले, हे जिल्हा विसरलेला नाही. २०१५ अखेरच्या पर्यावरण नियमांनी शीतकरण मनोरे असलेल्या जुन्या केंद्रांना मेगावॅट-तासामागे साडेतीन घनमीटर पाण्याची कमाल मर्यादा घातली. या मर्यादेवर २५० मेगावॅटचा एक संच पूर्ण क्षमतेने दिवसभर चालला, तर २ कोटी १० लाख लिटर लागतात. आता कार्यक्षमता तेहतीसवरून पस्तीस टक्क्यांवर गेली असं धरा. दर युनिटमागे फेकून द्यावी लागणारी उष्णता सुमारे साडेआठ टक्क्यांनी घटते, आणि तिच्यातला मोठा वाटा पाण्याच्या वाफेवाटेच फेकला जात असल्याने पाणीही साधारण त्याच मानाने वाचतं. दोन टक्क्यांचा फरक किरकोळ वाटणाऱ्याने हे एकदा माजलगाव धरणाच्या साठ्याशेजारी मांडून पाहावं. मराठवाड्यात कार्यक्षमता हा कोळशाआधी पाण्याचा विषय आहे, आणि इंग्लंडमध्ये लिहिलेल्या कुठल्याही स्पर्धावृत्तांतात ही बाजू सापडणार नाही.

छोट्या इंजिनांची परंपरा शेजारी होतीही. एव्हरार्ड कॅलथ्रॉप यांनी १८९७ मध्ये कुर्डुवाडीहून बार्शीपर्यंत अडीच फुटी मार्ग सुरू केला. १९११ मध्ये तो लातूरला पोचला. प्रत्येक आसावर पाच टनांपेक्षा जास्त भार नको, हा त्यांचा आग्रह. भार सगळ्या आसांवर सारखा वाटला तर हलक्या रुळांवर लहान इंजिनसुद्धा भरपूर माल ओढू शकतं, हे त्यांनी गाड्या भारतात धाडण्याआधी लीड्सजवळ न्यूलेला रूळ टाकून लोकांना दाखवलं होतं. छोटं म्हणजे खेळणं, या समजाला सव्वाशे वर्षांपूर्वी सोलापूर-धाराशिवच्या माळरानावरच उत्तर मिळालेलं आहे.

या पुस्तिकेतले नियम इथल्या एखाद्या तंत्रनिकेतनात किंवा आयटीआयमध्ये कुणी वापरायचे ठरवले, तर दोन ठिकाणी बदल करावे लागतील. पहिला सुरक्षिततेचा. पंचवीस लिटरपेक्षा कमी क्षमतेचा बॉयलर आपल्या बॉयलर कायद्याच्या कक्षेबाहेर राहतो, आणि पाच इंची इंजिनाचा बॉयलर सहसा त्याहून लहानच असतो. म्हणजे सरकारी निरीक्षक येणार नाही; म्हणूनच ब्रिटिश मंडळांचा शिरस्ता, नवा बॉयलर आधी थंड पाण्याने दुप्पट दाबावर तपासण्याचा, इथे अधिक काटेकोर पाळायला हवा. दुसरा बदल जळणाचा. त्यांच्याकडे वेल्सचा स्वच्छ, कमी राखेचा कोळसा मिळे. आपल्या औष्णिक केंद्रांना मिळणाऱ्या कोळशात राख तीस-चाळीस टक्के असते. तळहाताएवढ्या जाळीवर तो दहा मिनिटांत आग कोंडेल. त्याऐवजी लोणारी कोळसा, पऱ्हाटीच्या किंवा बगॅसच्या दाबून केलेल्या कांड्या वापरता येतील, आणि त्या इथे मुबलक आहेत. मात्र मग नुसतं वजन तोलून भागणार नाही. ओल्या आणि वाळलेल्या बगॅसच्या उष्णतेत जवळजवळ दुपटीचा फरक पडतो, त्यामुळे सगळ्यांचं जळण एकाच ढिगातून द्यावं, त्या ढिगाचा नमुना कॅलरीमापकात जाळून पाहावा, आणि ओलावा स्पर्धेच्या दिवशी सकाळी पुन्हा मोजावा. आदल्या रात्री पाऊस झाला असेल तर दुपारीही.